अकरा वेळा परत

"सांगलीचं भडंग आणलंय," देशिंगकर सर दारातूनच म्हणाले. "दोन पाकिटं. तुला आवडायचं ना?"

नऊ वर्षांत या माणसाला माझी एकदाही आठवण झाली नव्हती, आणि आता त्याला माझी आवडनिवड आठवत होती. मी पाकिटं घेतली, आत या म्हटलं, पंखा लावला. ते सोफ्याच्या अगदी कडेवर बसले. केस पूर्ण पांढरे झालेले, पोट सुटलेलं, लॅपटॉपची बॅग मांडीवर. सांगलीहून पहाटे निघून बावधनला माझं घर शोधत आले होते. सकाळचे अकरा वाजत होते, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत मी हो म्हटलं नाही तर त्यांची चारशे केंद्रांची ऑर्डर हातची जाणार होती. हे त्यांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. सात आठवडे मी याच सकाळची वाट बघत होते.

"आर. साठे म्हणजे तू, हे मला परवा कळलं," ते म्हणाले. "लग्न केलंस, आडनाव बदललंस, कळवायचं तरी."

"तुम्हाला?"

"अगं, जुनी माणसं आपण."

मी पाण्याचा पेला त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो उचलला नाही.

या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. तरी ती पाकिटं, तो पेला आणि सोफ्याच्या कडेवर टेकलेले देशिंगकर मला जसेच्या तसे दिसतात. मागचं थोडं सांगते, म्हणजे मी त्यांना चहा का विचारला नाही ते कळेल.

कुपवाडच्या एमआयडीसीत क्षीरसागर इन्स्ट्रुमेंट्स नावाची कंपनी होती. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर ठेवायचं यंत्र ती बनवायची. कॅन काट्यावर ठेवला की वजन, नमुना घातला की फॅट, आणि खालून पावती. त्या यंत्राच्या पोटात तळहाताएवढा एक बोर्ड असतो. दिसायला लहान, पण तो पूर्ण संगणकच, आणि त्यावर लिनक्स नावाची प्रणाली चालते. मात्र नवा बोर्ड आणला की लिनक्सला आपोआप काही कळत नाही. काटा कुठल्या पिनेला जोडलाय, प्रिंटर कुठल्या, घड्याळ कुठे आहे, वीज आधी कुणाला द्यायची आणि नंतर कुणाला, हे सगळं एका फाइलीत ओळीओळीने लिहून द्यावं लागतं. एखादी ओळ चुकली तर बोर्ड ढिम्म हलत नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे हलतो आणि खोटं वजन दाखवतो. आमच्या भाषेत याला बोर्ड उभा करणं म्हणतात.

त्या कंपनीचा पहिला बोर्ड मी उभा केला. तेवीस वर्षांची होते, रेवती घोरपडे, पहिली नोकरी. नऊ महिने लागले.

ते काम आम्ही एका मुक्त प्रकल्पाला दिलं. जगभरातले लोक मिळून तो चालवतात, कुणीही त्यातलं घ्यावं, कुणीही त्यात भर घालावी. तिथे प्रत्येक कामाच्या डोक्यावर एक ओळ असते: हे लिहिलं कुणी. पाठवणारा वेगळा असेल तर त्याची ओळ वेगळी, खाली. देशिंगकर तेव्हा आमचे टेक्निकल हेड. पाठवण्याआधी त्यांनी वरच्या ओळीतलं माझं नाव काढलं आणि स्वतःचं घातलं. बस, एवढंच. दूध संघाच्या सभेत शाल-श्रीफळ त्यांना मिळालं. मी मालकांच्या केबिनमध्ये जाऊन तक्रार केली, तर देशिंगकर माझ्या तोंडावर म्हणाले, "मी सांगायचो, ही टाइप करायची."

मी नोकरी सोडली. पुण्यातल्या पहिल्याच मुलाखतीत मी मोठ्या ऐटीत सांगितलं की हा बोर्ड मी उभा केलाय, बघा वाटल्यास. समोरच्याने तिथल्या तिथे ते पान उघडलं आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "इथे तर कुणी देशिंगकर आहेत." मी थापा मारतेय असं त्याला वाटलं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पुढे आणखी तीन ठिकाणी हेच झालं. नऊ महिन्यांचं काम माझ्या डोक्यात होतं आणि जगात कुठेही नव्हतं.

मग मी त्याच प्रकल्पात शिरले. दिवसा पोटासाठी दुसरी नोकरी, आणि उरलेल्या वेळात हे, फुकट. इतरांचे बोर्ड दुरुस्त केले, इतरांच्या चुका शोधल्या, आणि दर वेळी वरच्या ओळीत माझं नाव आहे ना ते तीनतीनदा पाहिलं. काही वर्षांनी त्या जातीच्या सगळ्या बोर्डांची तपासणी माझ्याकडे आली. म्हणजे माझ्या होकाराशिवाय त्यातला एकही नवा बोर्ड आत जात नाही.

आणि एका मंगळवारी पत्र आलं. नवा बोर्ड, दूध संकलन यंत्रासाठी. लेखक: प्रभंजन देशिंगकर.

जुना बोर्ड बाजारातून बंद झाला होता आणि कंपनीला नव्यावर जायचं होतं. कृष्णाकाठ दूध संघाने मात्र या वेळी अट घातली होती. आधी कुणीतरी सॉफ्टवेअर अडवून त्यांना छळलं होतं, म्हणून नव्या बोर्डाचं काम मुक्त प्रकल्पात स्वीकारलं गेल्याशिवाय ऑर्डर नाही. मुदत सात आठवडे. हे सगळं त्या पत्रातच सविस्तर लिहिलं होतं, लवकर बघा अशी विनंती करून. मान आपण होऊन माझ्या हातात दिली होती.

तपासायची एक रीत असते. सगळं वाचायचं आणि सापडलेल्या सगळ्या चुका एकाच पत्रात सांगायच्या, म्हणजे समोरच्याला एकदाच बसावं लागतं. मी स्वतः नवख्यांना हे शिकवलेलं आहे. त्या दिवशी पहिल्या वाचनात मला अकरा गोष्टी सापडल्या. मी एक सांगितली.

तीन-चार दिवसांनी दुसरं व्हर्जन आलं. मी दोन दिवस ते उघडलंच नाही, मग दुसरी गोष्ट सांगितली. तिसरं आलं, तिसरी सांगितली. माझं एकही म्हणणं खोटं नव्हतं. कुणीही येऊन तपासावं, प्रत्येक हरकत नियमाला धरून होती. फक्त ती एकटी जायची. आमची सगळी पत्रं सगळ्यांना दिसतात, तरी कुणाच्या काही लक्षात आलं नाही. साठेबाई कडक आहेत, एवढंच लोक म्हणाले असतील. त्या दिवसांत मी स्वयंपाक करताना गुणगुणायला लागले होते. नवऱ्याने विचारलंसुद्धा, की स्वारी इतकी खुशीत का?

एकच गोष्ट खटकायची. देशिंगकरांची उत्तरं फार नम्र होती. "चूक दाखवल्याबद्दल आभार. दुरुस्त केली आहे. पुन्हा मोजून पाहिलं." माझी एक चूक दुरुस्त करताना कधीकधी आपण होऊन आणखी काहीतरी सुधारलेलं असायचं. या माणसाला कुणाचे आभार मानताना मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. मला वाटलं, गरज पडली की बरोबर शिकतात ही माणसं. त्याचाही मला रागच आला.

"रेवती, हे अकरावं व्हर्जन आहे," सर आता सांगत होते. "यावर तुझी हरकत काय, तर भागांची नावं वर्णानुक्रमाने नाहीत. वर्णानुक्रम! चारशे केंद्रं त्यासाठी अडवून धरायची?"

"नियम आहे सर."

"नियम मलाही कळतात. तू मुद्दाम करतेयस."

"सगळी पत्रं उघड आहेत. माझी एक तरी हरकत चुकीची असेल तर तिथेच लिहा ना. मला काढून टाकतील."

मग त्यांनी सूर बदलला. हा सूर मी ओळखत होते, मालकांच्या केबिनमधला.

"जुनं काही मनात ठेवू नकोस. तेव्हा परिस्थिती तशी होती. गिऱ्हाइकासमोर कंपनीला एक चेहरा लागतो. तू तेवीस वर्षांची पोर, तुझ्या नावावर संघाने विश्वास ठेवला असता? मी ठेवला होता ना तुझ्यावर विश्वास? काम तुलाच दिलं होतं ना?"

"दिलं होतं."

"मग? आज तू एवढ्या जागी आहेस, त्याचा पाया कुठे घातला गेला?"

त्यांनी माफी मागावी असं मला वाटत होतं का? मुळीच नाही. माफी मागितली असती तर मला बदल्यात काहीतरी द्यावं लागलं असतं, आणि मला काही द्यायचं नव्हतं. मला त्यांना उद्या बारा वाजता रिकाम्या हातांनी दूध संघाच्या ऑफिसात उभं असलेलं बघायचं होतं. पण ते आता माझ्या घरात आले होते, आणि समोर आलेल्या माणसाचे हाल जवळून बघण्याचा मोह मला आवरला नाही.

"ठीक आहे," मी म्हटलं. "लॅपटॉप काढा. इथे टेबलावर बसून दुरुस्त करा. झालं की मी लगेच बघते."

"आत्ता?"

"दहा मिनिटांचं काम आहे. तुमचंच आहे ना?"

ते जेवणाच्या टेबलाशी येऊन बसले. लॅपटॉप उघडला, चष्मा बदलला. फाइल शोधण्यातच बराच वेळ गेला. सापडली तेव्हा ते ती वरखाली करत राहिले, अनोळखी गावात पत्ता शोधावा तसे. मी त्यांच्या खांद्यामागे उभी होते.

"हे चाळीस कशासाठी आहेत?" मी विचारलं.

"कुठले?"

"तुमच्या बोटाखालचे. काट्याला वीज दिल्यावर चाळीस मिलिसेकंद थांबा, असं लिहिलंय तुम्ही. का?"

"ते स्टँडर्ड आहे."

"कुणाचं?"

"काटा बनवणाऱ्या कंपनीचं."

"त्यांच्या पुस्तकात दहा आहेत. मी बघितलंय."

खरं तर नव्या व्हर्जनमध्ये आलेले ते चाळीस वाचून मी आदल्या आठवड्यात चाटच पडले होते. पुस्तकातल्या आकड्यावर न विसंबता कुणीतरी जागेवर जाऊन मोजल्याशिवाय असा आकडा येत नाही. मला फक्त त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

"एक फोन करून येतो," म्हणत ते गॅलरीत गेले. त्यांना हल्ली कमी ऐकू येत असावं, कारण फोन त्यांनी स्पीकरवर लावला.

"अरे, ते काट्याचे चाळीस कशाला घातलेत?"

"सर, दहावर काटा थांबत न्हाई," पलीकडून आवाज आला. "आकडा नाचतोय. म्हैसाळच्या सेंटरला सकाळी सहाला जाऊन मोजलंय की मी, तीन दिवस. लाइट डीम असली की चाळीस लागायलेत. नाचत्या आकड्यावर वजन धरलं की दूध घालणाऱ्या बाईचं पाव-अर्धा लिटर जातंय. का वो? मॅडमनी इचारलं काय?"

तो आवाज मी नऊ वर्षांनंतरही ओळखला. दस्तगीर मुजावर. मिरजेचे, आयटीआय झालेले, कंपनीच्या टेस्टिंगच्या टेबलावर बसणारे टेक्निशियन. मला सोल्डरिंग त्यांनी शिकवलं होतं. मी नोकरी सोडून निघाले त्या दिवशी सगळं ऑफिस काचेतून बघत होतं, आणि माझं पुस्तकांचं खोकं डोक्यावर घेऊन बसस्टॉपपर्यंत आले होते ते एकटे दस्तगीरभाई.

मी गॅलरीत गेले आणि सरांच्या हातातून फोन घेतला.

"दस्तगीरभाई, मी रेवती."

"घोरपडे मॅडम? तुम्ही हितं कशा?"

"हे सगळं तुम्ही लिहिलंय? अकराही व्हर्जन? ती पत्रं?"

उत्तर दिलं ते सरांनी. "अगं, मी त्याला सांगतो, तो टाइप—"

ते तिथेच थांबले. आपण काय म्हणतोय ते त्यांचं त्यांना कळलं असावं.

त्या क्षणी मला दस्तगीरभाईंसाठी वाईट वाटलं, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. मला आनंद झाला. अंगावर काटा यावा इतका आनंद झाला. ऑर्डर गेली असती तर देशिंगकरांनी वर्षभरात दुसरी मिळवली असती. पण त्या उघड पानावर खऱ्या लेखकाचं नाव आलं की ते त्यांना कुठेच पुसता आलं नसतं.

"सर, आत या," मी म्हटलं. "वरची ओळ बदला. लिहिणाऱ्याचं नाव घाला. मग मी आत्ताच्या आत्ता होकार देते."

"हे बघ रेवती, तो टेक्निशियन आहे. संघाच्या टेंडरमध्ये लिहिलंय की काम इंजिनिअरने केलेलं हवं. हे नाव तिथे दिसलं तर प्रश्न येतील."

"मग उद्या बारा वाजू देत."

फोन अजून माझ्या हातात होता. त्यातून दस्तगीरभाईंचा आवाज येत होता, "मॅडम, मॅडम, ऐका की जरा."

"बोला."

"माझं नाव नगा घालू."

"का? तुमचं काम आहे."

"काम माझं हाय, ते मला ठावं हाय. मालकांना ठावं न्हाई. टेक्निशियननं सॉफ्टवेअरला हात लावायचा न्हाई, असा हितं आदेश हाय. सरांनी मला शब्द दिलाय, ही ऑर्डर झाली की मला इंजिनिअरच्या पोस्टवर घेणार. कागद तयार हायेत."

"ते देणार नाहीत, दस्तगीरभाई. मी ओळखते यांना."

"देतील न देतील, मी बघतो की. एकोणीस वर्षं काढलीत मी हितं. तुम्ही फकस्त नाव ऱ्हाऊ दे. तुमच्या पाया पडतो."

देशिंगकर माझ्याकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांत आशा दिसली. दस्तगीरभाईंच्या विनवणीमुळे आपण सुटतोय अशी आशा. ती आशा मला सहन झाली नाही.

"नियम आहे," मी फोनमध्ये म्हटलं. "लिहिणाऱ्याचंच नाव लागतं."

"मॅडम, ऐका तरी—"

मी फोन बंद केला. हे माझ्या बोटाने केलेलं आहे, त्यात दुसऱ्या कुणाचा हात नाही.

देशिंगकर टेबलाशी येऊन बसले. मी शेजारची खुर्ची ओढली.

"आता मी सांगते," मी म्हटलं, "तुम्ही टाइप करा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली. मी एकेक अक्षर सांगत गेले आणि ते एका बोटाने मारत गेले. दस्तगीर. मुजावर. मध्ये एक अक्षर चुकलं, मी ते खोडायला लावलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. चुकीचं अक्षर मागच्या चार अक्षरांना धक्का न लावता दुरुस्त होतं, हे मला माहीत होतं. वर्णानुक्रम मीच लावून दिला, त्याला दोन मिनिटं लागली. बारावं व्हर्जन बारा वाजून दहा मिनिटांनी गेलं आणि बारा चौदाला मी होकार दिला. सात आठवडे रखडलेलं काम चार मिनिटांत आत गेलं.

"झालं समाधान?" सरांनी लॅपटॉप मिटत विचारलं.

"झालं."

ते पाण्याला हात न लावता गेले. जिन्यावर त्यांची पावलं संपेपर्यंत मी दारात उभी होते. मग स्वयंपाकघरात गेले, भडंगाचं पाकीट फोडलं आणि ओट्याला टेकून उभ्याउभ्या मुठीमुठीने खाल्लं. खमंग होतं, लसूण अगदी कडक परतलेला. मी नऊ वर्षांत इतकं चवीने काही खाल्लं नव्हतं. त्या पानावर आता देशिंगकरांचं नाव वरच्या ओळीत नव्हतं, खालीही नव्हतं; पाठवणारा म्हणून तिथे फक्त कंपनीचं नाव होतं. मी ते पान दिवसभरात वीस वेळा तरी उघडून पाहिलं असेल.

दस्तगीरभाईंना दुसऱ्या दिवशी फोन करीन असं मनाशी म्हटलं होतं. केला नाही. मग आठवडा गेला. मी स्वतःला सांगत राहिले की माणसाला त्याचं श्रेय मिळवून दिलंय, तो चिडला असला तरी निवळेल.

महिन्याभराने मीच फोन लावला. मागे मोटरीचा आणि हातोडीचा आवाज येत होता.

"कंपनीत आहात?" मी विचारलं.

"न्हाई मॅडम. मिरजेला. पंपाचे स्टार्टर दुरुस्त करायलोय, मेव्हण्याच्या दुकानात."

मला खरं तर तेवढ्यातच सगळं कळलं होतं, तरी मी विचारलं. त्यांनी रागाने सांगितलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी साधं सांगितलं. संघाच्या माणसाने ते पान छापून मालकांपुढे ठेवलं आणि विचारलं, हे मुजावर कोण, कुठले इंजिनिअर? मालकांनी देशिंगकरांना बोलावलं. देशिंगकर म्हणाले, काम माझंच आहे, या माणसाला मी फक्त पाठवायला दिलं होतं, त्याने परस्पर माझं नाव काढून स्वतःचं घातलं.

"चोरी केली म्हणून काढलं मला," दस्तगीरभाई म्हणाले. "ऑर्डर मिळाली त्यांना. सर डायरेक्टर झालेत, असं ऐकतोय."

"तुम्ही सांगितलं नाहीत? ते माझ्या घरी बसून—"

"सांगितलं की. कोण ऐकतंय?"

मी म्हटलं, मी मालकांना पत्र लिहिते, मी साक्ष देते. ते म्हणाले, नको. मी म्हटलं, पुण्यात नोकरी बघते, तुमचं नाव आहे तिथे, कुणीही घेईल तुम्हाला. ते त्यालाही नको म्हणाले. पलीकडची मोटर बंद झाली.

"एक इचारू मॅडम?"

"विचारा."

"तुम्ही तपासताना, त्या चुका तुम्हाला पहिल्यांदाच दिसल्या हुत्या का एकेक करून दिसत गेल्या?"

मी खोटं बोलू शकले असते. "पहिल्यांदाच," मी म्हटलं.

"अकराच्या अकरा?"

"हो."

"मग एकदम का न्हाई सांगितल्या? मला वाटायचं, मीच ढ हाय. दर खेपेला वाटायचं, आता झालं, आणि परत यायचं. बायकोला म्हटलं हुतं, मला हे जमायचं न्हाई, माझं शिक्षण तेवढं न्हाई. रोज सकाळी म्हैसाळ, मग ड्युटी, मग हे. एकदम सांगितल्या असत्या तर आठ दिवसांत झालं असतं. तवा कुणाला घाई न्हवती, कुणाचं नाव कुणी बगत न्हवतं. मला पोस्ट मिळाली असती का न्हाई, ते मग कळलं असतं."

"मला वाटलं, ते देशिंगकर आहेत."

"व्हय," ते म्हणाले. "नाव त्यांचं हुतं, पण पत्रं मी वाचायचो."

दुकानात कुणीतरी आलं. "गिऱ्हाईक आलंय, ठेवतो," म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर मी दोनदा लावला, त्यांनी उचलला नाही.

मी मालकांना पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. देशिंगकरांचा राग माझ्या मनातून गेला असं मी म्हणणार नाही. तो आहे, आणि आज ते दारात आले तर मी त्यांना आतही घेणार नाही. पण तो राग आता पूर्वीसारखा गोड लागत नाही.

दोन वर्षांनी प्रकल्पात एक पत्र आलं. नवा बोर्ड, पंपाच्या स्टार्टरसाठी. लेखक दस्तगीर मुजावर, पाठवणारे दस्तगीर मुजावर. इंग्रजी पूर्वीपेक्षा सफाईदार होतं. शेवटी एक ओळ होती: शक्य असल्यास हे काम आर. साठे यांच्याऐवजी दुसऱ्या कुणी तपासावं. कारण दिलेलं नव्हतं.

ती ओळ जगभरातल्या कुणालाही वाचता येते. अजूनही येते. माझ्याबरोबर तपासणी करणारा एक जण ब्राझीलमध्ये असतो, त्याने मला बाजूला विचारलं, काही अडचण आहे का? मी लिहिलं, नाही, तूच बघ.

तरी मी ते वाचलं. पहिल्या वाचनात मला चार चुका दिसल्या. अर्ध्या तासाने त्या ब्राझीलच्या माणसाचं उत्तर आलं. त्यालाही त्याच चार दिसल्या होत्या, आणि चारही त्याने एकाच पत्रात लिहिल्या होत्या, प्रत्येकीपुढे दुरुस्ती कशी करायची त्याच्यासकट. दस्तगीरभाईंनी आभार मानले. चहाच्या वेळेला दुसरं व्हर्जन आलं, आणि ते आत गेलं.